६० अंशांवर लावूनही पाणी कोमटच राहते : हीटर बदलावा की आधी आणखी काही तपासावे?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. आमच्याकडे सात किलोचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन असून त्याला सहा-सात वर्षे झाली आहेत. सासूबाई बरेच महिने अंथरुणाला खिळून असल्यामुळे त्यांच्या चादरी आणि दुपटी आम्ही ‘कॉटन’ प्रोग्रामवर ६० अंशांना धुतो. घरातले बाकीचे कपडे साध्या पाण्यातच धुतले जातात. पूर्वी हा प्रोग्राम सव्वादोन तासांत संपत असे, आणि धुणे चालू असताना दाराच्या काचेला हात लावला तर चटका बसत असे. दिवाळीनंतर मात्र पडद्यावरचा आकडा ‘१ तास ४० मिनिटे’ येथे येऊन अडकतो, जवळजवळ तासभर तेथेच राहतो आणि मग काही झालेच नाही अशा थाटात पुढे सरकतो. त्या वेळी काच जेमतेम कोमट लागते. चादरी स्वच्छ दिसतात, पण वाळल्यावरही त्यांचा वास पूर्ण जात नाही.

एका मेकॅनिकला बोलावले होते. त्यांनी मशीन न उघडताच ‘हीटर गेला आहे, बोर्डही बदलावा लागेल’ असे सांगून सहा हजारांचा खर्च काढला. हे कशावरून ओळखले, असे विचारले तेव्हा ‘पाणी तापत नाही म्हणजे हीटरच’ एवढेच उत्तर मिळाले. खर्च करायला हरकत नाही, परंतु दोन सुटे भाग बदलल्यावरही पाणी कोमटच राहिले तर काय, ही धास्ती आहे.

उपयोगी पडेल म्हणून आणखी थोडी माहिती देते. आमच्याकडे महापालिकेचे गंगापूर धरणाचे पाणी येते. उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचे पाणी मिसळते. सध्या थंडी असल्यामुळे नळाचे पाणी फार गार असते. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) एकदाही पडलेला नाही आणि मशीन कोणताही दोषसंकेत दाखवत नाही. दिवाळीच्या आधी ड्राय बाल्कनीच्या फरशा बदलल्या, तेव्हा मशीन हलवून पुन्हा जागेवर बसवले होते. त्यानंतर बाकी सर्व व्यवस्थित चालते.

जाता जाता एक उपप्रश्न : गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. त्याचेच पाणी थेट मशीनला जोडले तर हा सगळा व्याप टळेल का?


इझारतीर, म्युनिक

सर्वप्रथम प्रोग्रामचे बटण नीट पाहून घ्यावे, असे सुचवतो. मशीनवर ६० हा आकडा दिसला म्हणजे पाणी ६० अंशांपर्यंत जातेच असे नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नव्या मशीनवर ‘इको ४०-६०’ नावाचा प्रोग्राम बंधनकारक आहे. त्याचा अर्थ ज्या सुती कपड्यांच्या चिठ्ठीवर ४० किंवा ६० लिहिलेले असते ते कपडे यात एकत्र धुता येतात, इतकाच. प्रत्यक्षात पाणी त्याहून बरेच कमी तापते आणि ती कसर जास्त वेळ घोळवून भरून काढली जाते. त्यामुळे येथे नव्याने आलेली आपली मंडळी ‘मशीन तीन तास चालते आणि काचही गरम होत नाही’ अशी तक्रार हटकून करतात. भारतातील काही मशीनवरही इको किंवा ऊर्जाबचतीचे वेगळे बटण असते आणि ते एकदा दाबले की पुढच्या वेळीही तसेच लक्षात ठेवले जाते. मशीन हलवताना ते दाबले गेले नाही ना, एवढे पाहा. आपण लिहिल्याप्रमाणे आकडा एकाच ठिकाणी अडकत असेल तर मात्र कारण बहुधा वेगळे असावे, कारण इको प्रोग्राममध्ये जास्तीचा वेळ सुरुवातीपासूनच दाखवला जातो.


पानापकड, कोल्हापूर

ताई, सध्या हीटर बदलू नका. तो बिघडलेला नसेलच असे मी म्हणत नाही, परंतु आपण दिलेल्या माहितीवरून तसे ठरवता येत नाही, आणि जे ठरवता येत नाही त्याचे पैसे आधी देऊ नयेत.

पाणी गार राहण्याच्या तक्रारीत मी पहिल्यांदा तीन शक्यता वेगळ्या करतो. पहिली, उष्णता तयारच होत नाही. दुसरी, मशीनला पाण्याचे तापमान चुकीचे कळते आणि त्यामुळे ते हीटर वेळेआधी बंद करते. तिसरी, उष्णता तयार होते, पण टिकत नाही. तिन्हींत काच कोमटच लागते, म्हणून काचेवरून काही कळत नाही. घड्याळावरून मात्र बरेच कळते. तापमान मोजणारा थर्मिस्टर ‘पाणी तापले’ असे खोटेच सांगत असेल, तर मशीन वाट पाहत बसणार नाही. ते नेहमीच्या वेळेत, कदाचित थोडे आधीच, प्रोग्राम संपवेल. आपले मशीन तासभर थांबते, म्हणजे पाणी तापलेले नाही हे त्याला बरोबर कळते आहे आणि ते त्याचीच वाट पाहत आहे. शेवटी ठरावीक मुदत संपली की ते नाद सोडून पुढे जाते. त्यामुळे दुसरी शक्यता मी जवळजवळ बाजूला ठेवतो. उरतात पहिली आणि तिसरी, आणि या दोहोंत फरक करायला पानेही लागत नाहीत.

आपल्या विजेच्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा छापलेला असतो. अनेक मीटरवर तो ३२०० असतो. आपला वेगळा असल्यास त्याप्रमाणे हिशेब करा. फ्रीज, गिझर, पंप आणि पंखे तेवढ्यापुरते बंद करून ६० अंशांचा प्रोग्राम लावा, पाणी भरून ड्रम फिरू लागल्यावर दहा मिनिटे जाऊ द्या आणि मग मीटरसमोर उभे राहा. मशीनचा हीटर साधारण १८०० ते २००० वॅटचा असतो. तो चालू असेल तर ३२०० च्या मीटरवरचा दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकेल. फक्त मोटर आणि बोर्ड चालू असतील तर पाच-सहा सेकंदांतून एकदा. यात गफलत होण्यासारखे काही नाही, फरक डोळ्यांना सरळ दिसतो. सुरुवातीचे आणि प्रोग्राम संपल्यानंतरचे रीडिंगही लिहून ठेवा.

दिवा संथ राहिला तर पहिली शक्यता खरी धरावी आणि मग मशीन उघडावे. तेव्हाही थेट हीटर विकत न घेता आधी मोजमाप करावे. प्लग काढून, पाणी रिकामे करून हीटरच्या दोन मोठ्या टोकांवरच्या वायरी काढायच्या आणि मल्टिमीटरने रोध पाहायचा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या हीटरचा रोध साधारण २६ ओहम येतो आणि १८०० वॅटच्या हीटरचा २९ ओहमच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे, आणि तेव्हा हीटर बदलण्याला पर्याय नाही. रोध बरोबर असूनही वीज पोहोचत नसेल तर वायरीचे काळवंडलेले टोक, बोर्डावरचा रिले किंवा पाण्याची पातळी सांगणारा प्रेशर स्विच यांच्याकडे पाहावे. पाणी पुरेसे चढल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन हीटरला वीज देतच नाही. थर्मिस्टरही त्याच वेळी तपासून घेता येतो. खोलीच्या तापमानाला त्याचा रोध काही हजार ओहम असतो आणि तो गरम पाण्यात बुडवला की एकसारखा खाली येत जातो. मध्येच उडी मारली किंवा अजिबात हललाच नाही तर तो गेला. हे काम सवय नसलेल्याने करू नये. विजेचे झटके शिकवत नाहीत.

आणखी एक. रात्री किंवा पहाटे धुणे लावता की सकाळी सगळ्यांचे गिझर चालू असताना? हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटचा हीटर जेमतेम १३६५ वॅटचे काम करतो, म्हणजे वेळ दीडपट लागतो. नाशिक शहरात इतकी घसरण सहसा नसावी, परंतु आमच्याकडच्या खेड्यांतल्या अर्ध्याअधिक ‘हीटर गेला’ प्रकरणांचे मूळ हेच निघते. मशीन ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर लावले असेल तर ते आजच काढा. हीटर आणि मोटर मिळून ९-१० अँपिअर ओढतात. ती वायर तापून वितळते.


वऱ्हाडी, अकोला

आपला प्रश्न वाचून हेवा वाटला. आमच्याकडे मे महिन्यात उलटी तऱ्हा असते : गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी इतके तापते की ‘कोल्ड’ लावले तरी मशीनमध्ये चाळीस अंशांच्या पुढचे पाणी येते आणि नव्या कुडत्यांचा रंग सगळ्या कपड्यांना लागतो. मशीन पाणी तापवू शकते, गार करू शकत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि ते बिचाऱ्या मशीनची तक्रार नोंदवत बसतात. उपाय म्हणजे रंगीत कपडे पहाटे धुणे, टाकीवर सावली करणे किंवा पांढरी दुहेरी थरांची टाकी घेणे. मूळ प्रश्नाबाबत एवढेच सुचवेन की मशीनला गरम आणि थंड अशा दोन नळ्या असतील तर त्या हलवाहलवीत एकमेकींच्या जागी लागल्या नाहीत ना, ते पाहावे. आमच्या शेजाऱ्यांकडे असे झाले होते आणि ‘हॉट’ लावले की गार, ‘कोल्ड’ लावले की गरम पाणी येत होते.


गोदाकाठ, नाशिक

सर्वांचे आभार. मशीनला पाण्याची एकच नळी आहे, त्यामुळे अदलाबदलीचा प्रश्न नाही. इकोचे बटण बंद होते. मशीन भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर आहे.

पानापकड यांनी सांगितल्याप्रमाणे मीटरची तपासणी यजमानांनी केली, आणि निकाल आम्हाला चक्रावून टाकणारा आहे. मीटरवर ३२०० हाच आकडा आहे. दिवा अगदी भराभर लुकलुकत होता, सेकंदाला पावणेदोनच्या हिशेबाने. मध्ये काही वेळा संथ होऊन पुन्हा वेगाने सुरू झाला. आकडा अडकून राहिला तेवढा बहुतेक वेळ दिवा वेगातच होता. रीडिंगमधला फरक १.९ युनिट आला. म्हणजे हीटर चालतो आहे आणि वीजही खातो आहे. मग पाणी कोमट का? ताप मोजायचा थर्मामीटर या कामाला चालणार नाही म्हणून शेजारणीकडून पाकासाठी वापरायचा थर्मामीटर आणला. मशीन मध्येच थांबवून खालच्या झडपेतल्या बारीक नळीतून थोडे पाणी काढले, ते ३३ अंश भरले.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, तिचा संबंध आहे की नाही ते कळत नाही. मशीन पाणी फेकत नसतानाही ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीवर साबणाचा फेस दिसत होता, आणि मशीन मधूनमधून पाणी घेत असल्याचा आवाज येत होता.


पानापकड, कोल्हापूर

संबंध आहे, आणि बहुधा हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हिशेब पाहा. आपल्या मशीनमध्ये पहिल्या भरणीला सुमारे १५ लिटर पाणी येते असे धरू आणि नळाचे पाणी १८ अंश आहे असे मानू. ते ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिटहून किंचित कमी वीज पुरते. कपडे, ड्रम, काच तापवण्यात आणि हवेत जाणाऱ्या उष्णतेत आणखी थोडी जाईल, मोटरची वेगळी; तरी सव्वा युनिटच्या वर जायला नको. आपण १.९ युनिट खर्च करून ३३ अंशांवर आहात. म्हणजे हीटर आपले काम चोख करतो आहे आणि तापलेले पाणी कोठून तरी बाहेर चालले आहे. जेवढे बाहेर जाते तेवढे गार पाणी मशीन नळातून पुन्हा घेते, कारण पातळी उतरली की इनलेट व्हॉल्व्ह उघडायचा हे त्याला शिकवलेले आहे. २००० वॅटचा हीटर मिनिटाला दोन लिटर वाहत्या पाण्याचे तापमान फक्त १४ अंशांनी वाढवू शकतो. १८ अधिक १४ म्हणजे ३२. आपला थर्मामीटर ३३ दाखवतो. इतका जुळणारा हिशेब माझ्या धंद्यात क्वचितच मिळतो.

आता मशीनच्या मागे जाऊन सांडपाण्याची नळी पाहा. कंपनीतून येताना ती मशीनच्या पाठीवर वरच्या बाजूला क्लिपमध्ये अडकवलेली असते आणि तिचे टोक जमिनीपासून ६० सेंटिमीटर ते एक मीटर या उंचीवर ठेवावे, असे बहुतेक पुस्तिकांत लिहिलेले असते. ही उंची शोभेसाठी नसते. पंप बंद असताना ड्रममधले पाणी नळीतून आपसूक बाहेर पडू नये म्हणून नळीचा एक भाग ड्रममधल्या पाण्याच्या पातळीहून पुष्कळ वर असावा लागतो, आणि टोकही वर असावे लागते. नाहीतर नळी एकदा पाण्याने भरली की वक्रनलिकेसारखी (सायफनसारखी) ओढ लागून पाणी चढ ओलांडूनही जात राहते. पंपात पाणी अडवणारी झडप नसते, हे लोकांना माहीत नसते. फरशीचे काम करणारे गवंडी मशीन सरकवताना ती क्लिप तोडतात किंवा काढून ठेवतात, आणि नळी जमिनीवरून सरळ जाळीत सोडून देतात. मशीन चालते, पाणी फेकते, कपडे पिळले जातात. कोणाला संशय येण्याचे कारणच नाही. साध्या पाण्याच्या धुण्यात तर काहीच जाणवत नाही, फक्त पाणी आणि पावडर वाया जाते.

माझा अंदाज असा की आपली नळी पूर्ण आडवी नसावी. पूर्ण आडवी असती तर पाणी धो-धो गेले असते, मशीन भरलेच नसते आणि त्याने दोषसंकेत दिला असता. ती कुठल्या तरी कठड्यावरून किंवा उंबऱ्यावरून जात असावी आणि त्या चढाची उंची ड्रममधल्या पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळपास असावी, म्हणून पाणी थोडे-थोडे झिरपते.

खात्री करायची सोपी रीत : धुणे चालू असताना नळीचे टोक जाळीतून काढून कमरेइतक्या उंचीवर धरा. मशीनचे पाणी घेणे थांबले आणि दिवा वेगातच राहिला तर दोष सापडला. टोक उंच धरूनही मशीन पाणी घेतच राहिले, तर गळती दुसरीकडे असेल. प्लग काढूनही ड्रममध्ये पाणी चढत असेल तर इनलेट व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकून तो पूर्ण बंद होत नाही, असे समजावे. तेव्हा नळ बंद करून नळीच्या तोंडाची जाळी काढून धुवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर व्हॉल्व्ह बदलावा. तो हीटर-बोर्डाच्या मानाने फारच स्वस्त असतो.


सौरमित्र, सांगली

मुख्य प्रश्न मार्गी लागत आहे, म्हणून उपप्रश्नाचे उत्तर देतो. सोलर पाणी मशीनला जोडता येते, पण आपल्या मशीनला एकच नळी असल्यामुळे मी तसे करू नये असेच म्हणेन.

एक तर सोलरच्या पाण्याचे तापमान आपल्या हातात नसते. मार्च-एप्रिलमध्ये टाकीतले पाणी ७० अंशांच्याही वर जाते, आणि एका नळीच्या मशीनचे व्हॉल्व्ह व रबरी नळ्या थंड पाण्यासाठी बनवलेल्या असतात. गरम नळी वेगळी असलेल्या मशीनमध्येसुद्धा साधारण ६० अंशांच्या वरचे पाणी देऊ नये, असे सांगितलेले असते. म्हणजे मध्ये पाणी मिसळून तापमान आटोक्यात ठेवणारा व्हॉल्व्ह बसवणे आले. दुसरे म्हणजे एकच नळी असली की खळबळण्याचे पाणीही सोलरचेच येणार. धुण्याच्या तिप्पट पाणी त्यात जाते आणि घरातल्यांच्या आंघोळीच्या पाण्यावर गदा येते. तिसरी गोष्ट आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. आजारी माणसाच्या चादरींवर रक्ताचे, दुधाचे किंवा अन्नाचे डाग असतात आणि पहिल्याच झटक्याला गरम पाणी पडले की ते शिजून कापडात बसतात. मशीन गार पाण्यापासून हळूहळू तापवत नेते, त्या मधल्या वेळात पावडरमधली विकरे (डाग फोडणारी एन्झाइम्स) आपले काम करून घेतात. सोलरच्या कढत पाण्यात त्यांना ती संधीच मिळत नाही.

शिवाय गच्चीपासून आपल्या नळापर्यंतच्या पाइपात उभे असलेले गार पाणी आधी येते. अर्ध्या इंची पाइपात मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते. २० मीटर पाइप असेल तर साडेतीन लिटर गारच. १५ लिटरच्या भरणीत हा वाटा लहान नाही. आणि बचत म्हणाल तर एका धुण्यामागे पाऊण युनिट. युनिटला नऊ रुपये धरले आणि रोज एक धुणे धरले तरी वर्षाचे अडीच हजारही होत नाहीत, तेही आकाश निरभ्र असेल त्या दिवसांपुरते. त्यासाठी व्हॉल्व्ह, प्लंबर आणि उष्णतारोधक पाइप यांचा खर्च करणे मला पटत नाही. सोलर आंघोळीला आणि भांड्यांना वापरावा.


गोदाकाठ, नाशिक

पानापकड दादा, अंदाज अगदी बरोबर निघाला. ड्राय बाल्कनी आणि न्हाणी यांच्यामध्ये नव्या फरशीच्या वेळी फूटभर उंचीचा कठडा केला आहे. नळी त्यावरून जाऊन पलीकडे जाळीत खोल खोचलेली होती. मशीनच्या पाठीवरची क्लिप जागेवर नाही, ती हरवली आहे. धुणे चालू असताना यजमानांनी नळीचे टोक काढून उंच धरले, त्याबरोबर मशीनचे पाणी घेणे थांबले. सध्या नळी नळाच्या पाइपाला सुतळीने बांधून टोक बादलीवर सोडले आहे. कालच्या धुण्यात अर्ध्या-पाऊण तासात काचेला हात लावता येईना, आणि तेव्हा काढलेले पाणी ५७ अंश भरले. प्रोग्राम दोन तास पंचवीस मिनिटांत संपला.

सौरमित्र, डागांविषयी आपण लिहिलेले वाचून सोलरचा विचार सोडून दिला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पूर्वी सव्वादोन तास लागत, आता दहा मिनिटे जास्त लागतात. ते हीटरवर क्षार बसल्यामुळे असेल का? आणि सहा-सात वर्षे झालेला हीटर खबरदारी म्हणून बदलून टाकावा का?


पानापकड, कोल्हापूर

उत्तम झाले. बादली ही सोय मात्र दोन दिवसांपुरतीच ठेवा. पिळण्याच्या वेळी पंप जोरात पाणी फेकतो, हलकी नळी उडते आणि पाणी बाल्कनीभर होते. प्लंबरकडून भिंतीला दीड-दोन इंची उभा पाइप लावून घ्या, त्याचे तोंड साधारण ७०-८० सेंटिमीटरवर ठेवा आणि नळी त्यात वीतभरच सोडा. पाइपाचे तोंड नळीपेक्षा रुंद राहिले पाहिजे. टेप किंवा सिमेंट लावून ते बंद करू नका, हवा आत गेली नाही तर पुन्हा तीच ओढ लागेल. हरवलेली क्लिप कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते.

दहा मिनिटांचा फरक बहुधा थंडीचा आहे. नळाचे पाणी उन्हाळ्यात २६-२७ अंश असते, आता १८. तेवढे आठ-नऊ अंश चढायला १५ लिटर पाण्याला चार-पाच मिनिटे लागतात, आणि गार ड्रम, गार कपडे, गार बाल्कनी यांचे आणखी थोडे. क्षारांचा वाटाही असू शकेल, कारण उन्हाळ्यातले बोअरचे पाणी आपल्याकडे कडक असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतची मुभा आहे; बोअरचे पाणी अनेकदा या दोहोंच्या मधले असते. त्यातले क्षार तापवल्यावरच बाहेर पडतात आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे हीटरवरच, बसतात. एक समजूत येथे दूर करतो : पुटे चढलेला हीटर वीज जास्त खातो असे नाही, ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान होते ते हीटरचे. पुटाखाली त्याची नळी प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस फुटते.

त्यामुळे उन्हाळा संपल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांचा प्रोग्राम चालवा. किराणा दुकानात ते लिंबूफूल नावाने मिळते. ९० अंशांवर चालवण्याचा मोह टाळा, फार गरम पाण्यात त्याचाच चुन्याबरोबर न विरघळणारा साका होतो. त्या दिवशी ब्लीच किंवा ब्लीच असलेली पावडर अजिबात वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

खबरदारी म्हणून हीटर बदलण्याची गरज नाही. ६० अंशांचे पाणी देणारा हीटर चांगलाच आहे. तो बदलण्याची वेळ आली की आरसीसीबी सांगेल. साध्या पाण्याचे धुणे व्यवस्थित होते आणि ६० अंशांवर लावले की दहा-पंधरा मिनिटांत आरसीसीबी पडतो, असे झाले तर हीटरच्या आवरणाला तडा जाऊन पाणी आत शिरले आहे असे समजा. अशा वेळी साधा मल्टिमीटर कधी कधी सर्व ठीक दाखवतो, म्हणून ५०० व्होल्टच्या मेगरने हीटरची टोके आणि अर्थिंग यांच्यामधले इन्सुलेशन तपासून घ्यावे लागते. काही लोक ‘सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबीच काढून टाकतात. ओल्या बाल्कनीत अनवाणी उभे राहून मशीनला हात लावणाऱ्या घरात तसे करू देऊ नका, मेकॅनिकने सुचवले तरी.